न मारलेली हाक

सकाळी सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. ओव्हनवरच्या घड्याळात बघितलं होतं, म्हणून पक्कं आठवतंय.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही रीडिंगहून वर स्कॉटलंडला गेलो होतो. आमचे हे, त्यांच्या ऑफिसातले अपूर्वभावजी, मी आणि दहा महिन्यांची सिया. भाड्याचं छोटं कॉटेज घेतलं होतं. दोघांना बेन नेव्हिसवर स्की करायचं होतं. लोकांच्या नेहमीच्या उतारावर नाही, मागच्या ओसाड बाजूला. चढून जायचं आणि घळीतून घसरत खाली यायचं.

"हा डोंगर म्हणजे मोठा ज्वालामुखी होता," बूट घालता घालता हे म्हणाले. "आपल्याच पोटात कोसळला."

"विझलाय ना नक्की?"

"चाळीस कोटी वर्षं झाली गं. तुझ्या चहापेक्षा गार आहे."

भावजी हसले. मी तोंड वाकडं केलं. दोघं बाहेर पडले.

मग मला टेबलावर सियाच्या लाळेऱ्याखाली ह्यांचा बीपर दिसला. छातीला बांधायचं छोटं यंत्र ते. माणूस बर्फाखाली गेला तर बाकीच्यांना त्यावरून दहा मिनिटांत सापडतो.

खिडकीतून हे दिसत होते. पाठमोरे, वीस पावलांवर. सिया उंच खुर्चीत, तिला टाकून धावता येईना. खिडकी उघडली. 'अहो, विसरलात!' अगदी ओठांवर आलं.

पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी हे मनावर इतकं बिंबवलेलं, की शब्द मी गिळले. खरंच गिळले, घोट घेतात तसे. वाटलं, गाडीपाशी बघतील, येतील परत. गाडी गेली. फोन लावला, लागला नाही.

सव्वाअकराला मी बाटल्या धूत होते. एकाएकी घसा सोलल्यासारखा झाला. जीव खाऊन ओरडावं आणि मग आवाज बसावा, तसा. सियाला गप्प करायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. खिडक्या बंद होत्या, तरी घरात ओल्या बर्फाचा वास येत होता...

दुपारी भावजी एकटेच आले. बरोबर पोलीसबाई होती. 

"वहिनी, तुम्ही... वर आला होतात?"

मी नकारार्थी मान हलवली.

"आम्ही घळीच्या मध्यावर होतो. मी पुढे, अवधूत मागे. तिथे थांबायचं नसतं, तो उतार एका दमात पार करायचा असतो. मागून तुमची हाक आली. 'अहो, विसरलात!' मीसुद्धा ऐकली. अवधूत थांबला. वळला. म्हणाला, 'अरे, ही इथे कशी?' आणि वरचा बर्फ..."

भावजींनी हात वरून खाली आणला. मग स्वतःशीच म्हणाले, "गाडीपाशी एकमेकांचे बीपर तपासतो आम्ही. आज पाऊस होता. म्हटलं, वर गेल्यावर बघू."

मी आतून बीपर आणला आणि त्यांच्यासमोर ठेवला. 

अकरा दिवस बचाव पथक लांब काठ्या खुपसत शोधत होतं. हे सापडले नाहीत. ऑगस्टमध्ये बर्फ वितळेल तेव्हा बघू, म्हणाले. मी सियाला घेऊन रीडिंगला परत आले. दाराची बेल वाजली की ती अजून रांगत पुढे जाते.

मागच्या आठवड्यात भावजी आमच्याकडे आले असताना त्यांना एका स्कॉटिश बाईचा फोन आला, नंबर तिला बचाव पथकाने दिला होता. त्याच घळीत तिला मागून कुणी बाईने हाक मारली म्हणे. तिला मराठीचा गंधही नाही, पण ते दोन शब्द तिने फोनवर जसेच्या तसे म्हणून दाखवले. भावजींनी फोन माझ्या कानाला लावला. हेल माझाच होता. आणि ती म्हणाली, हाकेनंतर पायाखालून कुणीतरी हळूच 'ओ' दिली.

म्हणून हे लिहितेय. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाका, डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येकाला सांगा. त्या घळीत मागून बाईची हाक आली तर थांबू नका, वळू नका. ती तुमच्यासाठी नाही. आणि खालून कुणी 'ओ' दिली, तर ती जागा तेवढी ध्यानात ठेवून मला कळवा.