सरकी गल्लीची सवारी

दिग्रसची जुनी बाजारपेठ म्हणजे दोन्हीकडून दात असलेली लाकडी फणी. मधोमध एकच लांब रस्ता, अन् त्याला दोन्हीकडून गल्ल्या. कोणती गल्ली कशाची, हे डोळे मिटूनही कळावं. इथं गुळाचा वास, तिथं चामड्याचा, पुढं तेलाचा. आता मोबाइलची दुकानं आली, पण वासांनी काही जागा सोडली नाही. असं गाव, बापा, जीव लावतं.

त्यातली सरकी गल्ली सगळ्यांत अरुंद. एका वेळी एकच बैलगाडी मावायची, म्हणून तिथं रीत पडली होती. गाडीवान आतून हाक द्यायचा, "गाडी हाय." तोंडाशी जो उभा असेल त्यानं "या" म्हणायचं. त्याशिवाय गाडी हलायची नाही. बाहेर पडली की गाडीवान म्हणायचा, "मोकळी." मग गल्लीपलीकडची कापसाची जिनिंग बंद पडली, पलीकडच्या टोकाला गोदामाची भिंत आली, गाड्या गेल्या. हाक तेवढी राहिली. आजही कुठल्या गल्लीत मोटरसायकल घालताना माणूस "गाडी हाय" म्हणतो, अन् समोरचा "या" म्हणतो.

त्या दिवशी सांजेची, मगरिबची अजान झाली, विजेची लाईन गेली, अन् शबानाच्या लक्षात आलं की अब्बा घरात नाहीत. अब्बा म्हणजे तिचे सासरे, अब्दुल गनी. गाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवण्यात त्यांचा जन्म गेला. बायको, शहनाज, गेल्यापासून ते असेच न सांगता निघत, अन् घरचा रस्ता विसरत. शबानाला आई नव्हती, बाप नव्हता. या म्हाताऱ्यावर तिचा फार जीव होता.

ती गुळाच्या ओळीत गेली, तेलाच्या ओळीत गेली. शेवटी सरकी गल्लीच्या तोंडाशी आली. आत काळोख.

"गाडी हाय..." आतून आवाज आला.

"या," शबाना म्हणाली. सवयच तशी.

मग चाकांची करकर आली. घुंगरं. ताज्या सरकीचा उबट वास. घुंगरं तोंडाशी येऊन थांबली, अन् अंधारातून अब्बा चालत बाहेर आले. टोपीवर कापसाचे तंतू.

"कुठं गेलते, अब्बा? माया जीव गेला असता."

"नागोरावनं बसवून आनलं. धाव मीच चढवलेली, आवाजावरून वळखली."

नागोराव गाडीवानाला जाऊन वर्षं झाली होती. शबानानं त्यांचा हात धरला अन् घर गाठलं.

चहा पिता पिता अब्बांनी विचारलं, "तो मोकळी म्हनला का?"

"नाई."

"मंग गाडी आतच अडकून राह्यली, बेटी. तू या म्हनलीस, अन् निघून आलीस. असं नसते करत. चाल."

तिला जायचं नव्हतं. पण नाही म्हटलं तर ते एकटे जातील, ही भीती मोठी होती. निघताना अब्बांनी कानामागं अत्तर लावलं. 

लाईन आली नव्हती. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिनं हळूच विचारलं, "मोकळी का?"

"नाई बाई..." आतून नागोराव म्हणाला. "एक सवारी हाय अजून. अब्दुलभाईले सोडून जात नाई म्हन्ते. या म्हना..."

अन् बांगड्या वाजल्या. काचेच्या. शबानानं तो आवाज ओळखला. शहनाजच्या हातातल्या त्या बांगड्या तिनंच उतरवल्या होत्या, शेवटच्या आंघोळीच्या वेळी. आज त्या तिच्या कपाटात होत्या.

तिनं ओठ घट्ट मिटले. मी नाही म्हणणार, ती मनात म्हणाली, माझे अब्बा मी देणार नाही. दोन्ही हातांनी तिनं त्यांचा हात धरून ठेवला.

अब्बांनी मोकळ्या हातानं टोपी नीट केली. तिच्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहावं तसं. मग गल्लीकडं वळून फार मायेनं म्हणाले,

"या."

आत चाक हललं.