मुदतीचं पुस्तक

सोनमने पिशवीतून कादंबरीचा दुसरा भाग काढून काउंटरवर ठेवला, तेवढ्यात शेजारून एक हात आला आणि पुस्तकावर अलगद टेकला.

"हे परत आलं ना? मग माझ्या नावावर घ्या की."

"परत नाही आलं," सोनमने पुस्तक स्वतःकडे ओढलं. "मी मुदत वाढवायला आणलंय."

ग्रंथपालांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. "ताई, तुमची मुदत वाढवून झाली आता. हे कधीपासून नंबर लावून बसलेत."

"शेवटची दोनच प्रकरणं राहिलीत हो..."

सोलापूरची एप्रिलमधली दुपार होती. बाहेर सात रस्ता चौकात चिटपाखरू नव्हतं. शेजारचा तरुण रागावेल असं तिला वाटलं होतं. पण त्याने तिच्याकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे, आणि म्हणाला, "दोनच ना? मग वाचा की हितं बसून. मी थांबतो."

वाचनकक्षात पंखा कुरकुरत होता. सोनम लांब टेबलाच्या एका बाजूला बसली, तो समोर. त्याने पिशवीतून पाटीसारखी एक पातळ, राखाडी वस्तू काढली आणि तिच्यावर वाचू लागला. त्याच्या केसांत, कानाच्या जरा वर, कापसाचा एक तंतू अडकला होता. सोनमची नजर ओळीवरून घसरून सारखी तिथे जात होती... आणि मान वर केली की त्याची नजर घाईने खाली जात होती.

"तुम्ही बघत बसलात तर मी वाचू कशी?" ती शेवटी म्हणाली.

"मी कुटं बघालोय? वाचालोय की."

"मघापासून तुमचं पान हललेलं नाही."

त्याचे कान लाल झाले. "लई अवघड पान हाय हे," तो म्हणाला.

ती हसली, आणि मग खरोखर वाचू लागली. शेवटच्या पानावर तिचे डोळे भरून आले. पुस्तक मिटून तिने ते टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं.

"शेवट सांगू नका," तो घाईने म्हणाला.

"सांगत नाही. रुमाल आहे का तुमच्याकडे?"

"हाय."

"असू द्या जवळ."

त्याचं नाव बसवेश. अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात तो मागांची देखभाल बघायचा, म्हणून केसांत कापूस. घरी तो आणि आई, दानम्मा. मायलेक आपसांत कन्नड बोलायचे.

सोनम एका खासगी दवाखान्यात नर्स होती. मंगळवेढ्याजवळच्या वाडीवरून ती शिकायला सोलापुरात आली आणि इथेच नोकरीला लागली. तिचे वडील सिद्धाप्पा मेंढरं राखायचे. पावसाळा सोडला तर त्यांचा मुक्काम आज या रानात, उद्या त्या रानात. कळपामागे पुस्तकं कोण वाहणार? त्यामुळे वाचायची भूक तिला उशिरा लागली आणि लागली ती अशी, की पहिले काही पगार पुस्तकांच्या दुकानातच गेले. मग खोलीचं भाडं वाढलं आणि ती वाचनालयाकडे वळली. एका कार्डावर एकच पुस्तक मिळायचं. ते ती पुरवून पुरवून वाचायची.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा भेटला. त्याचे डोळे सुजल्यासारखे दिसत होते.

"रुमाल पुरला न्हाय," तो म्हणाला.

त्या दिवशी त्याने ती राखाडी वस्तू तिच्या हातात दिली. ई-रीडर. कारखान्यातला एक इंजिनिअर परदेशी जाताना अर्ध्या किमतीत देऊन गेला होता. बसवेश त्यावर एकही पुस्तक विकत घेत नसे. जुनी, हक्क संपलेली पुस्तकं फुकट मिळायची. बाकीची तो पुण्याच्या एका वाचनालयातून उसनी घ्यायचा. तिथे प्रत्यक्ष जावं लागत नव्हतं, वर्गणी भरली की पुस्तक इथे उतरायचं.

"आणि परत कसं करता?"

"करावं लागत न्हाय. मुदत संपली की आपोआप निघून जातं. सकाळी उठून बघावं, तर न्हाय."

"सांगून तरी जातं का?"

"न्हाय हो. तेवढंच वाईट हाय त्याचं."

"म्हणजे तुम्हाला घरबसल्या सगळं मिळतं," सोनम खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मग शनिवारी एवढ्या उन्हात इकडे कशाला येता?"

बसवेशने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "कागदाचा वास..." तो म्हणाला आणि थांबला. मग हळूच, "आधी कागदाच्या वासासाठी यायचो."

तिथून पुढे त्यांचा एक सौदा ठरला. त्याचं कार्ड, तिचं कार्ड आणि तो ई-रीडर, असं मिळून दोघांनी वाचायचं. एक आठवडा ई-रीडर त्याच्याकडे, एक आठवडा तिच्याकडे. सोनमकडे तो यायचा तेव्हा त्यावरची अक्षरं बोराएवढी असायची, कारण दुपारी दानम्मा त्यावर कन्नड कथा वाचायच्या. सोनम अक्षर बारीक करून घ्यायची आणि परत देताना आठवणीने मोठं करून ठेवायची.

शनिवारी पुस्तकांची अदलाबदल झाली की दोघं कंबर तलावापर्यंत चालत जायचे. बोलणं पुस्तकाचंच. या नायिकेने त्याला सरळ विचारायला काय हरकत होती, तो नायक एवढा गप्प का...

"काही माणसांना बोलता येत न्हाय," बसवेश म्हणायचा.

"मग त्यांनी शिकावं."

"शिकतात की. वेळ लागतो."

सोनम हसून तलावाकडे बघायची. त्याच्या केसांतला कापूस मात्र अजून तसाच असायचा आणि तो काढायला हात उचलावा, असं तिला दर वेळी वाटायचं.

जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हजारो माणसं पांढऱ्या बाराबंदीत चालत होती. सोनम ड्यूटी संपवून रस्त्याच्या कडेला उभी होती. एवढ्या पांढऱ्या गर्दीत तो सापडणार नाही, असं तिने स्वतःला बजावलं होतं. पण तो सापडला. कपाळावर विभूती, घामाने चमकणारा चेहरा. त्यालाही ती दिसली. हात हलवणं त्याला जमलं नाही, नुसतं त्याचं एक पाऊल चुकलं. मागच्या माणसाने त्याला पुढे ढकललं आणि गर्दी त्याला घेऊन गेली. सोनम मिरवणूक संपली तरी तिथेच उभी राहिली.

उन्हाळ्यात तिची सरकारी नेमणूक आली. आरोग्य सेविका. ठिकाण नंदुरबार जिल्ह्यात, धडगावच्याही पुढे, सातपुड्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. अण्णांनी, म्हणजे सिद्धाप्पांनी, वाडीवर पेढे वाटले. सोनमने शनिवारपर्यंत वाट पाहिली आणि वाचनालयाच्या पायरीवर बसवेशला सांगितलं.

"लई भारी झालं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "लई भारी झालं की."

"लांब आहे खूप."

"व्हय. लांब हाय."

"बदली लवकर होत नाही म्हणतात."

"सरकारी काम हाय... वेळ लागणारच."

ती त्याच्याकडे बघत राहिली. एक वाक्य, त्याने एक वाक्य म्हणावं. तो पायरीवरचं पिंपळाचं वाळकं पान बोटांनी चुरत होता. ते पूर्ण चुरून झाल्यावर त्याने दुसरं उचललं.

एसटी स्टँडवर तो आला तो दानम्मांना घेऊन. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणली होती. मग त्यांनी पदराआडून नॅपकिनमध्ये गुंडाळलेला ई-रीडर काढला आणि सोनमच्या हातात दिला.

"नको अव्वा, तुम्ही काय वाचाल?"

"बसवेश वाचून दाखवंल की मला. लेकाच्या तोंडून ऐकायला कुणाला नको? तितं डोंगरात पुस्तकाचं दुकान बी नसंल. घे."

गाडी सुरू झाली. बसवेश खिडकीशी आला. ओठ हलले, थांबले.

"चार्जर..." तो म्हणाला. "चार्जर आत ठेवलाय."

तुळजापूरचा घाट येईपर्यंत सोनम तो एकच शब्द मनात घोळवत बसली.

आरोग्य केंद्रात काम भरपूर होतं. बाळंतपणं, लसीकरण, पाड्यांवरच्या फेऱ्या. संध्याकाळी काम आटोपलं की ती मागच्या टेकाडावर चढायची, तिथेच काय ती मोबाईलला रेंज होती. बसवेशचा फोन यायचा. त्यांनी ठरवलं होतं, एकच पुस्तक दोघांनी वाचायचं, त्याने वाचनालयातून कागदाचं आणि तिने ई-रीडरवर. तिच्यासाठीचं पुस्तक त्याने ती निघायच्या आधीच उतरवून ठेवलं होतं.

"कुटपर्यंत आलाव?"

"ती माहेरी येते तिथपर्यंत."

"मी पण तितंच हाय. पुढं जाऊ वाटंना."

"का?"

"पुढं ती जाणार, असं वाटालंय."

रेंज गेली. सोनम हात उंच करून उभी राहिली, पण फोन पुन्हा लागला नाही. खाली दरीत पाड्यांवरच्या चुलींचा धूर वर येत होता. सोलापुरात आता वाचनालय बंद व्हायची वेळ झाली असेल, तो पुस्तक पिशवीत घालत असेल, असं काहीबाही तिच्या मनात येत राहिलं.

पावसाळा गेला. सातपुडा हिरवागार होऊन पुन्हा पिवळा पडू लागला. एका संध्याकाळी बसवेशने विचारलं, "मी नवी पुस्तकं घेऊन ठेवली होती तुमच्यासाठी. वाचली न्हाईत? केंद्रात वाय-फाय आलंय, तुम्हीच म्हणाला होता की."

"आलंय. पण मी ई-रीडरला जोडलं नाही."

"का? बिघडलाय का?"

"नाही."

"मग?"

वारा फोनमध्ये घुसत होता.

"त्या पुस्तकाची मुदत कधीच संपलीय. जोडलं की ते निघून जाईल."

रेंज गेली का, म्हणून तिने फोन कानापासून दूर करून पाहिला. गेली नव्हती.

"एवढं आवडलं का ते पुस्तक?" त्याने विचारलं. त्याचा आवाज बदलला होता.

"पुस्तक काही फार बरं नाही," सोनम म्हणाली. "पण तुम्ही ठेवलंय ते... म्हणून."

मग बसवेश म्हणाला, "जाऊ दे ते पुस्तक. सोनम, मी येलालो."

"कुठे?"

"तुझ्याकडं."

पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला होता.

सोमवारी बाह्यरुग्ण विभागात बाकावर माणसं दाटीने बसली होती. सोनम एकेकाला आत पाठवत होती. "पुढचे कोण?" म्हणून तिने मान वर केली आणि बाकाच्या टोकाला बसवेश होता. शर्ट चुरगळलेला, अंगावर सगळ्या वाटेची धूळ.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"बोलता येत नव्हतं," तो म्हणाला. "आता जरा बरं हाय."

शेजारची म्हातारी दोघांकडे आळीपाळीने बघू लागली. सोनमने त्याला थांबायची खूण केली आणि उरलेले सगळे पेशंट संपवले.

टेकाडावर दोघं दगडावर बसले. तिथे तो बोलला, अडखळत, थांबत, पण बोलला. तिच्याशिवाय शनिवार नकोसा झालाय. वाचनालयात गेलं की समोरच्या खुर्चीवर कुणी बसू नये असं वाटतं. लग्न करायचंय. पण आईला एकटं सोडता येत नाही, कारखाना सोडला तर दुसरं काम त्याला येत नाही, आणि तिने नोकरी सोडावी असं तो कधीच म्हणणार नाही.

"म्हणजे तू तिथे, मी इथे," सोनम म्हणाली.

"बदली होईपर्यंत. सुट्टीला तू ये, मी येतो. लई अवघड हाय, मला कळतंय. तू न्हाय म्हणालीस तरी—"

"नाही म्हणायला मी एवढे महिने रेंज शोधत उभी राहिले का?"

तिने त्याच्या केसांत अडकलेलं गवताचं कुसळ काढलं. हात लगेच मागे घेतला नाही.

मग तिने अण्णांना फोन लावला. सिद्धाप्पा कुठल्याशा माळावर होते, मेंढरांचा आवाज येत होता. सोनमने सगळं सांगितलं. जात वेगळी, घरची भाषा वेगळी, हेही सांगितलं. पलीकडे बराच वेळ नुसतीच मेंढरं ओरडत राहिली.

"पोरगा कसा हाय?" शेवटी सिद्धाप्पांनी विचारलं.

"गप्प असतो, अण्णा. पण ऐकतो."

"मेंढरं राखाय येत्यात का त्येला?"

"नाही."

"मंग शिकवावं लागंल," अण्णा म्हणाले. "भावकी बोलंल. बोलू दे. दिवाळीला घिऊन ये वाडीवर."

फोन बंद झाला. सोनमला रडू आलं आणि ती हसू लागली. बसवेशला काय करावं ते कळेना, तो तिचा हात हातात धरून तसाच बसून राहिला.

दिवाळीला अजून काही दिवस होते आणि त्याला परत जायला हवं होतं. दुपारच्या गाडीत तो खिडकीशी बसला. सोनम खाली उभी राहिली. आता बोलायला इतकं होतं, की दोघांनाही सुरुवात सापडेना. कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली, वळणापर्यंत गेली... आणि थांबली.

डोंगरावरून शेळ्यांचा एक कळप रस्त्यावर उतरला होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, शेळ्या ढिम्म. राखणारा अजून वर, लांब होता. सोनम पळत वळणावर गेली. बसवेशने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"ताई, हाका की जरा!" ड्रायव्हर पुढून ओरडला. "रस्ता मोकळा करा."

मेंढरांमागे वाढलेल्या सोनमला एक हाळी येत होती. ती दिली असती तर कळप क्षणात बाजूला झाला असता.

ती गप्प उभी राहिली. शेळ्या रस्त्यात सावकाश फिरत राहिल्या. बसवेशचा हात तिच्या हातात होता, आणि ड्रायव्हर पुन्हा पुन्हा हॉर्न वाजवत होता.