आडव्या सीटवरचा चेहरा

डेपोतून सुटणारी सकाळची बस भरायला तीन-चार स्टॉप लागायचे. तोवर जो तो आपापल्या ठरलेल्या जागी बसून घरी राहिलेली तयारी उरकून घ्यायचा. विमा कंपनीतला एक तरुण टाय बांधायचा आणि खिडकीच्या काचेत गाठ तपासायचा. एक नर्स ओले केस झटकायची, त्याचे थेंब मागच्याच्या वर्तमानपत्रावर पडायचे. चष्मेवाले एक काका सोमवार आला की नेलकटर काढून सगळी नखं कापायचे. एखादं नख उडून कुणाच्या मांडीवर पडलं, तर काका ते परत मागतात की काय, असं वाटायचं.

"काका, दाढीला गरम पाणी आणू का?" कंडक्टर विचारायचा.

"आण की. तिकिटातच धर."

दोघी बहिणींतल्या धाकटीला या सगळ्याची किळस यायची, पण ती बोलायची नाही. ती खिडकीशी बसायची, मागच्या दाराजवळच्या आडव्या सीटसमोर. तिची वेणी, पावडर, रुमालाची घडी, सगळं घरून निघतानाच झालेलं असायचं. ती शिस्त थोरल्या बहिणीची. आई गेली तेव्हा धाकटी धड बोलतही नव्हती. थोरलीने शिवणाच्या मशीनवर घर चालवलं आणि तिला वाढवलं. शाळेच्या वाटेवर एकदा धाकटीने फणी काढली, तेव्हा थोरलीने ती हातातून ओढून घेतली होती. "चेहरा घरात करायचा," ती म्हणाली होती, "बाहेर न्यायचा तो तयार."

चेहरा हाच पुढे धाकटीचा धंदा झाला. फोटो स्टुडिओत ती टचिंग करायची; तिथे तिला टचिंगबाईच म्हणत. माणूस गेलं की घरचे लोक त्याचा मिळेल तो फोटो घेऊन येत. कधी ओळखपत्रावरचा, कधी कुठल्या समारंभातल्या घोळक्यातून कापलेला. धाकटी तो कॉम्प्युटरवर परातीएवढा मोठा करायची, डाग पुसायची, कुणाचा तरी खांद्यावरचा हात काढून टाकायची. दिवसभर एकच चेहरा समोर असला की त्याची भुवई कुठे विरळ आहे, कुठला डोळा बारीक आहे, हे तिला पाठ व्हायचं. एकदा पाहिलेला चेहरा ती विसरायची नाही.

म्हणूनच आडव्या सीटवरच्या बाईचं तिला नवल वाटलं.

ती बाई कधीपासून यायला लागली, हे धाकटीला सांगता आलं नसतं. चढायची तेव्हा चेहऱ्यावर काहीच नसायचं. बसल्याबरोबर ती मांडीवर एक चपटी डबी उघडायची, डाव्या हातात छोटा आरसा धरायची आणि पेन्सिलीने भुवई काढायला लागायची. नेहमी डावी भुवई आधी. मग डावा डोळा, डावा गाल, आणि मग उजवीकडे. बस पुलावर पोचेपर्यंत सगळं झालेलं असायचं. पुलापलीकडे पाण्याच्या टाकीजवळ ती उतरून जायची.

पहिल्यांदा लक्ष गेलं त्या दिवशी धाकटीला फक्त राग आला. संध्याकाळी थोरलीला सांगायला बसली, तर तिला त्या बाईचा चेहरा आठवेना. नाक कसं, हनुवटी कशी, काही नाही.

"साधी असेल," थोरली दोरा दाताने तोडत म्हणाली.

"साधा चेहराही आठवतो गं ताई. हिचा जणू नव्हताच."

दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली. त्या रस्त्याला खड्डे फार. ड्रायव्हर ब्रेक मारायचा तेव्हा उभी माणसं एकमेकांवर पडायची, काकांचं नेलकटर सुटायचं. त्या बाईची पेन्सिल मात्र पापणीच्या कडेने एका रेषेत जायची. हात हलायचा नाही, की आरसाही नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे, रोज वेगळा चेहरा व्हायचा.

एके दिवशी तिने स्वतःला म्हातारं केलं. डोळ्यांखाली सावल्या भरल्या, आणि डाव्या भुवईचं शेपूट मुद्दाम काढलंच नाही. एवढं नीट करून भुवई अर्धवट का ठेवली, याचं धाकटीला कोडं पडलं. दोन दिवसांनी एक माणूस स्टुडिओत आईचा फोटो घेऊन आला. धाकटीने तो मोठा केला. डाव्या भुवईला शेपूट नव्हतं.

"लहानपणी भाजलं होतं तिला," मुलगा म्हणाला. "ते तसंच राहू द्या."

"कधी गेल्या?"

"परवा सकाळी. मी ऑफिसला निघत होतो, तेवढ्यात."

योगायोग म्हणून धाकटीने तो विषय बाजूला ठेवला. मग जाड ओठांच्या एका बाईचा चेहरा आला, आधी बसमध्ये आणि मग स्टुडिओतल्या फोटोत. नंतर एका पुरुषाचा. बाईने गालफडं बसवली, जबड्यावर निळसर छटा दिली. आजूबाजूचे लोक मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. दुसऱ्याची वेणीफणी चालू असताना बघायचं नसतं, एवढी रीत सगळे पाळत होते. धाकटी मात्र बघत होती.

एका सकाळी त्या बाईने गालांवर नुसता गुलाबी हात फिरवला आणि भुवया अगदी पुसट, कोवळ्या काढल्या. धाकटीने पुलापर्यंत खिडकीबाहेर मान वळवून ठेवली. त्या आठवड्यात तिने स्टुडिओच्या मालकांना सांगितलं की लहान मुलाचा फोटो आला तर तो दुसऱ्या कुणाला द्या.

शेवटी तिने थोरलीला सगळं सांगितलं. थोरली हसली.

"मेलेल्यांची तोंडं बघून बघून तुझं डोकं पिकलंय. सुट्टी घे चार दिवस."

"मी थट्टा करत नाहीये."

"मग त्या बाईला विचार की. म्हणावं, बाई गं, माझा नंबर कधी?" आणि मग धाकटीचं तोंड पाहून तिने मशीन थांबवलं. "इकडे बघ. माझा फोटो करशील ना, तेव्हा हा घालवू नकोस." तिने डाव्या भुवईवर बोट ठेवलं. तिथे एक तिरका व्रण होता, भुवईचे दोन तुकडे करणारा. धाकटीने लहानपणी हट्टात फेकलेल्या कात्रीचा. "तुझी सही आहे ती."

पुढच्याच आठवड्यात एके सकाळी थोरलीला जरा गरगरल्यासारखं झालं. "पित्त असेल," ती म्हणाली, "तू नीघ, बस चुकेल." धाकटी निघाली.

आडव्या सीटवर बाईने डबी उघडली. डावी भुवई काढली. मध्येच पेन्सिल उचलली, रिकामी जागा सोडली, आणि पुढे पुन्हा टेकवली. मग त्या रिकाम्या जागेत फिकट रंगाने एक तिरकी रेघ ओढली.

धाकटीने ती रेघ ओळखली. डोळा झाला, त्याच्या कोपऱ्यातल्या हसण्याच्या तीन सुरकुत्या झाल्या. गाल झाला. अर्धी थोरली समोर बसली होती. पेन्सिल उजवीकडे वळली.

"बाई, हे इथे करायचं नाही," धाकटी उभी राहून म्हणाली.

बाईची पेन्सिल उजव्या भुवईशी गेली.

"कंडक्टर! ही बस आहे की ब्युटी पार्लर? सगळ्यांच्या अंगावर पावडर उडते. रोज सहन करायचं का आम्ही?"

आणि मग सगळी बस बोलायला लागली. रोजची चीड कुणीतरी दार उघडावं याची वाट पाहत होती. सगळ्यात मोठा आवाज नेलकटरवाल्या काकांचा. "सार्वजनिक जागेचं काही भान?" ते म्हणाले. टायवाला म्हणाला, उतरवा. नर्स म्हणाली, तेच बरं.

धाकटीने त्या बाईचं मनगट धरलं. ते माणसाचं मनगट धरल्यासारखं लागलंच नाही, बसच्या दांड्यासारखं नुसतं टणक होतं. पण पेन्सिल सुटली आणि धाकटीच्या पायाशी घरंगळत आली. तिने ती उचलून मुठीत दाबली.

कंडक्टरने घंटी मारली. बस मध्येच थांबली, स्टॉप नसताना. बाईने डबी मिटली, उठली, आणि दारात वळून पहिल्यांदाच धाकटीकडे पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू थोरलीची होती. उजव्या बाजूला काही नव्हतं.

"अर्धंच राहिलं हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हळहळ होती.

धाकटी पुढच्या स्टॉपला उतरली आणि रिक्षा करून घरी आली. थोरली मशीनखाली पडली होती. श्वास चालू होता.

डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचल्या. अगदी दारातून परत आल्या म्हणा. डावी बाजू पूर्ण गेली होती. वाचाही गेली. डावा डोळा मिटत नव्हता. त्यावर धाकटी रात्री ओलं फडकं ठेवायची. उजवा डोळा मात्र जागा असायचा आणि ती खोलीत जिथे जाईल तिथे तिच्यामागून फिरायचा.

आधी धाकटीला वाटलं, आपण जिंकलो. शेजारीण दिवसभर थोरलीजवळ बसायला तयार झाली. मशीनवर चादर घातली गेली. पण थोरली बरी होईना आणि ढासळेनाही. डॉक्टरांनी नाडी पाहणं कमी केलं. "अशी केस मी पाहिली नाही," ते एकदा म्हणाले, आणि पुढच्या वेळेला त्यांनी हाताखालच्या डॉक्टरला पाठवलं. थोरलीच्या पाठीला जखमा झाल्या. त्या भरतही नव्हत्या, वाढतही नव्हत्या. कूस बदलताना ती जो आवाज काढायची, तो ऐकून शेजारीण बाहेर जाऊन उभी राहायची.

आणि तिचा उजवा हात. त्याचं एक बोट सारखं उजव्या भुवईवरून फिरायचं. मग डोळ्याखालून. मग गालावरून.

"खाज सुटत असेल," शेजारीण म्हणाली. धाकटीने तेल लावून पाहिलं, पावडर लावून पाहिली. हात थांबेना. एका दुपारी तिने ते बोट धरलं, तर थोरलीच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. तिने सोडलं. बोट पुन्हा भुवईवर गेलं, नाकाकडून कानाकडे, सावकाश, एका रेषेत.

धाकटीने ती रेघही ओळखली. मग उठून तिने कपाटातली पर्स काढली आणि पेन्सिल आत आहे ना, ते पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून तिने पुन्हा बस धरली. बसमध्ये आता पाटी लागली होती: प्रवासात केस विंचरणे, नखे कापणे, शृंगार करणे मना आहे. काका हात मांडीवर ठेवून बसत. आडव्या सीटवर कोणी कोणी बसायचं, ती बाई नाही.

"ती?" कंडक्टर म्हणाला. "त्यानंतर चढलीच नाही. मॅडम, तुम्हीच तर उतरवलीत."

"मला माफी मागायची आहे तिची."

"आता कुठे शोधू? चेहराही आठवत नाही हो तिचा."

स्टुडिओत फोटो येतच होते. ती बाई दुसऱ्या कुठल्यातरी मार्गावर बसत असणार. धाकटीने इतर बस करून पाहिल्या, टाकीजवळ उभी राहून पाहिलं. घरी बोट फिरत होतं.

एका सकाळी आडवी सीट रिकामी होती. धाकटी तिथे बसली. तिने आरसा काढला.

पहिली रेघ ओढताना तिचे कान तापले. घराबाहेर तिने कधी केसही सारखे केले नव्हते. समोर काकांनी घसा खाकरला. "बाई, पाटी वाचा," ते म्हणाले. मग त्यांनी नीट पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. कंडक्टर पुढे निघून गेला.

ती उजवी भुवई काढत होती. थोरलीचा चेहरा तिला पाठ होता. डोळा झाला. सुरकुत्या झाल्या.

ब्रेक लागला. काका पुढच्या सीटवर आदळले.

पेन्सिल हलली नाही.

गाल झाला. आरशात डाव्या बाजूला तिला काहीच करावं लागलं नाही. तिथे व्रण आधीच होता.

बस पुलावर आली.

टाकीजवळ उतरून तिने सार्वजनिक नळावर तोंड धुतलं, आरशात न पाहता. घरी पोचली तेव्हा शेजारीण दारात रुमालात तोंड खुपसून रडत होती. थोरलीचे दोन्ही डोळे मिटलेले होते. उजवा हात कुशीत शांत पडला होता.

दिवसभर लोक आले आणि गेले. बहुतेकांनी शेजारणीचंच सांत्वन केलं.

दोन दिवसांनी धाकटी फोटो घेऊन स्टुडिओत गेली. थोरली मशीनवर बसलेली, मान वर करून हसणारी. मालक काउंटरवर होते. त्यांनी फोटो हातात घेतला, उजेडात धरला.

"कोण होत्या तुमच्या?"

"बहीण," धाकटी म्हणाली. "भुवईतला व्रण घालवू नका."

"नाही घालवणार. बसा ना." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहावं तसं, आणि आतल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "आमच्या टचिंगबाई आल्या की लगेच करून देतील. दोन दिवस झाले, काही कळवलं नाही त्यांनी. एरवी असं कधी करत नाहीत."