म्यूट केलेली धडधड

"माझी मेल ज्यांनी बंद केली, त्या इथेच बसतात का?"

काचेच्या दारात एक उंच तरुण उभा होता. हातात टॉवेलांची चळत, कपाळावर आठी.

"मीच ती," ती म्हणाली.

कंपनीच्या संगणकांवर बाहेरून होणारे हल्ले ओळखायचे आणि वेळीच अडवायचे, हे तिचं काम. ऑफिसात सगळे तिला कोतवाल म्हणत.

"मी तळमजल्यावरचा नवा फिजिओ. साधंच तर लिहिलं होतं... मान दुखते का? दुर्लक्ष करू नका, आत्ताच खालच्या लिंकवर जाऊन वेळ घ्या."

"अनोळखी माणूस, घाई, लिंक आणि वर एवढी काळजी. चोर नेमकं असंच लिहितात हो."

"मग खरी काळजी असणाऱ्याने कसं लिहायचं?"

तिने खुर्ची पडद्याकडे वळवून मेल सुरू करून दिली. तो मात्र दारातच घुटमळला.

"एक सांगू? मघापासून तुम्ही एकदाही मान वळवलेली नाही. माझ्याकडे बघायला अख्खी खुर्ची वळवताय."

"खुर्चीला चाकं त्यासाठीच असतात."

"असतील. पण मानेवर इतका राग बरा नाही," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याची आठी कुठल्या कुठे गेली.

त्याच आठवड्यात ती खाली गेली. छोटीशी खोली, एक पलंग, खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पावसाचे थेंब. ती आडवी झाली तरी फोन हातातच होता.

"तो तरी बाजूला ठेवा."

"ड्यूटी आहे माझी. हल्ल्याचा एखादा खरा इशारा निसटला तर?"

"सगळेच खरे नसतात?"

"बहुतेक खोटेच. खोटे बघून बघून डोळे मरतात आणि खरा त्यातूनच लपून येतो." तिने फोन पोटावर उपडा धरला. "झोपेतही पडदाच दिसतो मला."

हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने उपदेश केला नाही. फक्त तिचं डोकं दोन्ही तळव्यांत उचलून धरलं. "सोडा. पडणार नाही." तिला सोडता येईना. मग ती पुन्हा आली, पुन्हा आली, आणि एका दुपारी मान आपोआप सैल झाली. त्याची बोटं तिच्या गळ्याच्या कडेला टेकलेली होती.

"नाडी एवढी का धावतेय?"

"तुमच्यामुळे," ती म्हणून गेली, आणि तिने घट्ट डोळे मिटले.

तो लाजला असावा. पण बोट काही त्याने उचललं नाही. "चेष्टा नको. मधेच एक ठोका अडखळतोय. कधीपासून?"

"बरेच दिवस. मनगटावरचं घड्याळ इशारा द्यायचं. रोज तोच, मीटिंगमध्ये, जेवताना... म्हणून म्यूट करून टाकला."

हाताखालच्या कुणी असा इशारा बंद केला असता, तर तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

"भीती वाटत होती," ती हळूच म्हणाली. "हृदयाचंच दुखणं निघालं तर?"

"ते बघणं माझं काम नाही. हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचं. आज."

"उद्या—"

"आज."

तिने ड्यूटीचा फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला. आता बोलणी खावी लागणार, असं तिला वाटलं. साहेब म्हणाले, "जा तू. किल्ला आम्ही लढवतो." आईला कळवलं, तर तिकडून ऐकू आलं, "तुझ्या मशिनला शिंक आली तरी धावतेस. स्वतःला काय वाऱ्यावर सोडलंयस?" आणि मग बराच वेळ नुसतं नाक ओढणं.

छातीला ठोके नोंदणाऱ्या तारा चिकटवून एक अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दुपारी डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. "हृदय ठणठणीत आहे. ठोके चुकतात ते अपुऱ्या झोपेने, ताणाने आणि कॉफीने. पण हे असंच रेटलंत तर पुढचं मी सांगू शकत नाही. महिनाभर रजा घ्या."

बाहेर बाकावर तो बसला होता. तिला पाहताच उठला.

"ठणठणीत," ती म्हणाली. हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. ती बाकावर बसली, तोही शेजारी टेकला.

तो बुटांकडे बघत म्हणाला, "मलाही एक सांगायचंय. यापुढे तुमच्यावर उपचार मी करणार नाही. आमच्या सीनियर ताई करतील. त्यांना सांगून आलोय."

तिचा चेहरा पडला. "कंटाळलात मला?"

"तसं नाही. पेशंटला... काही विचारता येत नाही ना."

"काय विचारता येत नाही?"

"तुम्हाला आता रजा आहे." त्याचे कान लाल झाले होते. "आणि माझी संध्याकाळ मोकळी असते."

"कुठली?"

"तुम्ही म्हणाल ती."

"सगळ्याच म्हटलं तर?"

"तर... बरंच होईल."

"मग सगळ्याच," ती म्हणाली. "पण आत्ता नाही. आत्ता मला जरा टेकू दे." तिने डोकं त्याच्या खांद्यावर ठेवलं.

"अशी झोपलीस तर मान आखडेल हं."

"आखडू दे. माझ्या ओळखीत एक फिजिओ आहे."

"तो आता तुझ्यावर उपचार करत नाही."

"अरे हो..." ती पुटपुटली, आणि भर दुपारी, माणसांच्या वर्दळीत, गाढ झोपून गेली.