आबा रिमिनीलाच राहिले

ही गोष्ट खरी आहे. रचलेली असती, तर मी स्वतःला त्यात जरा बरा माणूस दाखवला असता.

आम्ही कॅनडात, व्हिटबीला राहतो. गेल्या एप्रिलमध्ये माझे आजोबा, आबा, गेले. त्यांना इटलीचा समुद्र बघायचा होता. त्यांच्या वयाला ट्रॅव्हल इन्शुरन्स कोण देणार, म्हणून आम्ही दरवर्षी 'पुढच्या वर्षी' म्हणायचो.

दहाव्याला तळ्याच्या काठावर पिंड ठेवला.

कावळा रेलिंगवर बसलेला... पण शिवेना.

बाबा म्हणाले, आईला सांभाळू. काका म्हणाले, भावाशी भांडणार नाही. कावळ्याला दोन्ही पटलं नसावं.

थंडीने माझी बोटं बधिर झाली होती. मी पुटपुटलो, "आबा, तुम्हाला इटलीच्या बीचवर नेतो."

कावळा झेपावला.

दुसऱ्या दिवसापासून बेसमेंटमधून आबांचं खाकरणं ऐकू यायला लागलं... रोज, सकाळच्या चहाला.

घाबरलो फक्त मी. आजी दोन कप चहा टाकायची. "आता वेळेवर उठतात," एवढंच म्हणाली.

ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर इटलीत, रिमिनीला गेलो. बॅगेत आबांची टोपी होती. बीचवर छत्र्यांच्या रांगा, लग्नाच्या पंगतीसारख्या. मी एक खुर्ची मागितली.

खुर्चीवाल्याने दोन मांडल्या.

मी म्हटलं, एकच. त्याने माझ्या मागे पाहिलं... अदबीने मान झुकवली. आणि दुसरी खुर्ची नीट समुद्राकडे वळवली.

मी तिच्यावर टोपी ठेवली.

शेजारी कुणीतरी खाकरलं...

भीती नाही वाटली. आवाज खूश होता.

"आबा, बसा. आइस्क्रीम घेऊन आलोच."

आइस्क्रीमच्या रांगेत मित्राचा फोन आला, ट्रेन सुटतेय. मी तसाच पळालो.

टोपी आठवली ती टोरांटोला उतरल्यावर.

घरी पहिली सकाळ. चहा उकळला. बेसमेंट...

गप्प.

दुसऱ्या दिवशीही गप्प. आजी दोन कप टाकतच राहिली. आठवड्याने तिने विचारलं, "तनय, तुला काही सांगून गेले का रे?"

मी म्हटलं, नाही.

तेव्हापासून ती एकच कप टाकते.

त्या बीचचा लाइव्ह कॅमेरा आहे. नोव्हेंबरमध्ये मी तो उघडला. सीझन संपलेला. छत्र्या, खुर्च्या, सगळं आवरून नेलेलं. नुसती ओली वाळू.

आणि एक खुर्ची...

समुद्राकडे पाठ करून. रस्त्याकडे तोंड. मी पळालो होतो, तो रस्ता.

खुर्ची रिकामी होती. मला तरी रिकामीच दिसली.

आजी कधी मागे येऊन उभी राहिली, कळलं नाही. चष्मा वर करून ती स्क्रीनच्या अगदी जवळ वाकली.

"नुसती टोपीच घातलीय," ती म्हणाली. "तिकडे थंडी नसते का? आणि कुणाची वाट बघतायत?"

मी लॅपटॉप मिटला.

मार्चचं तिकीट काढलंय. आजी मफलर विणतेय. कुणासाठी, ते मी विचारलेलं नाही.

काळजी एकच आहे. मित्र म्हणतो, ऑफ-सीझनला बीचवरचं ते आइस्क्रीमचं दुकान बंद असतं.

आणि रिकाम्या हातांनी त्या खुर्चीसमोर जायची माझी हिंमत नाही.