डोक्यावरचा कप्पा

पिंगळीची शिवकन्या विमानात हवाई सुंदरीचं काम करायची. त्या दिवशी हैदराबादहून नांदेडला यायचं आणि तिथूनच सुट्टीला घर गाठायचं, असं तिनं ठरवलं होतं. दुपारचं विमान, निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

खिडकीशी राणीसावरगावची कडूबाई बसली होती. पहिल्यांदाच विमानात चढलेली. मांडीवरची कापडी पिशवी तिनं दोन्ही हातांनी कवटाळली होती.

"मावशी, ती वर ठेवावी लागती. उतरताना दणका बसला तर उडून कुणालाबी लागंल."

"नातीची हाय, माय. दवाखान्यातच जीव गेला तिचा... तिचे कपडे हायेत." म्हातारीचा आवाज खाली आला. "कोंडू नको. अंधाराला लय भेती ती."

शिवकन्येनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण नियमापुढं इलाज नव्हता. तिनं पिशवी हळुवार उचलून डोक्यावरच्या कप्प्यात आपल्या बॅगेशेजारी ठेवली आणि झाकण खट्‌दिशी लावलं.

विमान उतरणीला लागलं. बाहेर काळे ढग दाटले. शिवकन्या पट्टा बांधून आपल्या जागी बसते न बसते तोच... टक्. टक्. आवाज वरून येत होता. पाठोपाठ औषधाचा आणि तापानं फणफणलेल्या अंगाचा वास आला. मग बारीक हुंदके.

बाकी कुणीच मान वर केली नव्हती. कडूबाई मात्र कप्प्याकडं एकटक बघत होती.

"उघड की गं... गुदमरायलीय ती..."

शिवकन्येचा हात पट्ट्याकडं गेला. उठावं? तेवढ्यात चाकं धावपट्टीवर आदळली. हुंदके एकदम तुटले.

विमान थांबताच ती धावली. तिनं झाकण उघडलं, पिशवी खाली दिली. कडूबाईनं ती चाचपली, हातांवर तोलली. कपडे होते तसेच होते, तरी तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"हलकी झाली... पोरी, कुठं गेलं माझं लेकरू?"

शिवकन्येनं कप्प्यात पुन्हा वाकून बघितलं; आत तिची स्वतःची बॅग तेवढी उरली होती.

दिवस कलताना शिवकन्या पिंगळीला पोचली. तिच्या आईनं, चांगुणाबाईनं, लेकीची बॅग कपाटात ठेवली, दार लोटलं. ते लागेना. तिनं पुन्हा जोर लावला.

"काय कोंबलंस गं एवढं?"

शिवकन्या पुढं झाली. दाराला तळवा टेकवला.

आतून कुणीतरी हळूच ढकलत होतं... लेकराच्या बळानं.