वसतिगृहातली चाळीस ब्लँकेटं

सुपडूला पहाटे जीपमध्ये घातलं, तेव्हा त्याच्या अंगावर गोणपाट होतं. साक्रीकडच्या मागासवर्गीय वसतिगृहातलं गरिबाचं पोर, थंडीनं छाती भरलेली. धुळ्याच्या डॉक्टरांनी एवढंच विचारलं, की याला पांघरूण नव्हतं का?

होतं की. दिवाळीनंतर सरकारी अनुदानातून चाळीस ब्लँकेटं आली होती, तपासणीत मोजलीही गेली होती. आता एकही सापडेना. संस्थेचे सचिव तोताराम आबा यांनी स्वयंपाकीण झुंबरबाईवर चोरीची फिर्याद दिली आणि वर सुपडूच्या उशाशी बसून डोळेही पुसले. आबा बडी असामी. दोंडाईच्याला मिरचीचा व्यापार, जिल्ह्यात तीन वसतिगृहं.

चौकशीला समाजकल्याण निरीक्षक जीवराम तायडे आले. ते स्वतः अशाच वसतिगृहात वाढलेले. ते गोणपाट त्यांच्या जिव्हारी लागलं होतं.

झुंबरबाई विझलेल्या चुलीपाशी बसली होती. नोकरी गेलीच होती, आता तुरुंग दिसत होता.

"मी चोर नही, साहेब."

"ब्लँकेटं शेवटची कधी पाहिलीत, मावशी?"

"तपासनीना दिन. त्या दिन पोरेसले शिंकाच शिंका उन्यात."

"तुम्ही तिखट कुटलं असेल."

"नही. त्या दिन शिरा करेल व्हता."

जीवराम तडक उठले. मग त्यांनी संस्थेची उरलेली दोन्ही वसतिगृहं पालथी घातली. तिथंही कागदावर चाळीस ब्लँकेटं, प्रत्यक्षात एकही नाही; पोरं कुडकुडत होती, आणि तपासणीच्या दिवशी तिथलीही सगळी शिंकली होती. तिन्ही तपासण्या वेगवेगळ्या दिवशी, संस्थेला आधी कळवून झालेल्या.

दुसऱ्या दिवशी ते फौजदाराला घेऊन आबांच्या वखारीवर गेले. झुंबरबाईलाही सोबत नेलं. आबा हसले.

"मिरचीच्या वखारीत ब्लँकेटं पिकतात का, तायडे?"

"पिकत नाहीत, आबा. मुक्कामाला असतात." जीवरामांचा आवाज चढला. "या बाईनं चोरी केली असती, तर एकाच वसतिगृहातली ब्लँकेटं गेली असती. मग बाकी दोन ठिकाणचीही का गायब आहेत, आणि तिथली पोरं का शिंकली? तुम्ही अनुदान तिन्ही वसतिगृहांचं उचललंत आणि ब्लँकेटं घेतलीत एकापुरती. जिथं तपासणी, तिथं ती सकाळी जायची आणि संध्याकाळी इथं परत यायची. मिरचीची धूळ झटकायची तेवढी राहून गेली. सुपडू आजारी पडला, विचारणा झाली आणि तुम्हाला ही गरीब बाई सापडली."

आबांचा चेहरा उतरला. किल्ली द्यावीच लागली. पोत्यांमागे चाळीस ब्लँकेटं नीट घडी घालून ठेवलेली होती.

जीवरामांना बरं वाटलं, पण क्षणभरच. फौजदारानं ब्लँकेटं बांधायला घेतली. मुद्देमाल होता तो, खटल्याचा निकाल लागेपर्यंत पोलीस ठाण्यात राहणार. जीवरामांनी विनवून पाहिलं. फौजदार म्हणाला, माझ्या हातात काही नाही.

झुंबरबाई दारात उभी होती. सुटल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता.

"मंग आज रातले पोरे काय पांघरतीन, भाऊ?"

फौजदारानं मान वर न करता गाठीवर लाखेची मोहर मारली.